जिप्सम टाकूनही रान दर उन्हाळ्यात पांढरं का पडतं?

मार्च सरता सरता आमच्या शिवारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "खार पुन्हा फुटला." आणि ज्याच्या तोंडून ते येतं त्याने आदल्या वर्षी जिप्समची (कॅल्शियम असलेल्या, जमीन सुधारायला वापरतात त्या खनिजाची) पोती टाकलेलीच असतात. पावसाळ्यात रान बरं दिसतं, सोयाबीन उगवून येतं, दिवाळीनंतर गव्हात टकलं पडायला लागतात आणि होळीच्या सुमारास ढेकळांवर पिठी शिंपडल्यासारखा थर दिसतो.

मीही त्यातलाच. परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आमची साडेचार एकर काळी जमीन आहे. खालच्या कोपऱ्यात पोटचारीलगत (कालव्याच्या छोट्या फाट्यालगत) अर्ध्या एकराचा एक तुकडा आणि वरच्या अंगाला बोअरजवळ साधारण तेवढाच दुसरा. दोन्हीकडे पीक बसायचं, म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे सारखंच जिप्सम फेकलं. खालच्या तुकड्यात फरक शून्य. वरच्यात थोडा जाणवला, पुढच्या उन्हाळ्यात तोही गेला. तिसऱ्या वर्षी दुकानदाराने 'जमीन सुधारक' म्हणून पाच लिटरचा डबा हातात दिला. आत काय आहे हे डब्यावर धड लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

दोन तुकड्यांना दोन वेगळे आजार होते. ते कळायला शेवटी काचेचे दोन ग्लास पुरले.

आधी ग्लास, मग पोतं

दोन्ही तुकड्यांतून सुपारीएवढं एकेक वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी भरा. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षारच परीक्षा बिघडवतात. ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका आणि ओसरीवर ठेवून चहा प्या.

खालच्या तुकड्याचं ढेकूळ पाच मिनिटांत फुटलं, चुरा तळाशी बसला, वरचं पाणी नितळ राहिलं. वरच्या तुकड्याचं ढेकूळही विरघळायला लागलं, पण त्याच्याभोवती धुरासारखं वलय धरलं आणि दोन तासांनी ग्लासात पातळ ताक केल्यासारखं दिसत होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीही खाली बसलेलं नव्हतं. पहिली जमीन खारवट, दुसरी चोपण. शेजारचे काका दोन्ही ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंग दोन सालं तू खालच्या रानाला जुलाबाला डोकेदुखीची गोळी देत व्हतास म्हण की."

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. ते मुळांना पाणी ओढू देत नाहीत, त्यामुळे ओल असूनही पीक दुपारी मान टाकतं. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम चिकटलेला असतो. ओली झाली की माती फुगून तिचे बारीक कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वरच डबकं करून राहतं, आणि वाळली की फरशी. तिथे पांढरा थर दिसेलच असं नाही. उलट काळपट, तेलकट डाग दिसतात, कारण सेंद्रिय पदार्थ सुटून वर येतो.

ग्लासाची एक फसवणूक सांगून ठेवतो. क्षार आणि सोडियम दोन्ही जास्त असलेली खारवट-चोपण जमीन ग्लासात नितळ दिसू शकते, कारण क्षारांमुळे कण धरून राहतात. अशा रानाला नुसतं पाणी देऊन धुतलं तर क्षार जातात, सोडियम तिथेच राहतो, आणि बरी वाटणारी जमीन एका पावसाळ्यात चोपण होते. म्हणून ग्लास ही चाळणी समजा. निकाल प्रयोगशाळेचाच.

आणि सोयाबीन पिवळं पडलं म्हणजे खारच, असंही धरू नका. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक वेळा चुनखडीमुळे लोह मिळत नसतं. त्याचा उपाय निराळा.

माती परीक्षणाचा कागद वाचताना

नमुना एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी घ्या आणि थरांनी घ्या: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि जमलं तर ६० ते ९० सेंटिमीटर. प्रत्येक थराची वेगळी पिशवी. खत देताना घेतो तसा वरवरचा एकच नमुना इथे कामाचा नाही. खार वरून खाली कमी होत गेला असेल तर तो खालून वर चढून पृष्ठभागावर साचतोय. खाली जास्त असेल तर वरून धुतला जातोय किंवा खालचा थरच तसा आहे.

पुस्तकी व्याख्या अशी: संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर खारवट. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. पण आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळा एकास अडीच प्रमाणात पाणी घालून क्षारता मोजतात. भारी काळ्या मातीत तो आकडा संपृक्त अर्काच्या साधारण तिसरा-चौथा हिस्सा येतो. म्हणजे कागदावर १.३ दिसलं की "चारच्या खाली आहे, निवांत" म्हणू नका. कोणत्या पद्धतीने मोजलं ते विचारून घ्या.

सोडियमच्या १५ टक्क्यांचंही तसंच. फुगणाऱ्या काळ्या मातीत ५-६ टक्क्यांपासूनच पाणी मुरणं मंदावतं. कागदावर 'सर्वसाधारण' आणि रानात डबकं, याचं कारण पुष्कळदा इथे असतं.

मातीबरोबर बोअरच्या पाण्याचाही नमुना द्या. हे मी चौथ्या वर्षी केलं. पहिल्याच वर्षी करायला हवं होतं.

खार येतो कुठून

जिप्सम मीठ काढत नाही, हे वाक्य मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ते कणांवरचा सोडियम हुसकावून तिथे कॅल्शियम बसवतं. हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन रानाबाहेर पडला तरच उपयोग. बाहेर जायला वाट नसेल किंवा पुढच्या पाळीला (पुढच्या वेळी पाणी देताना) पुन्हा तेवढाच येणार असेल, तर उन्हाळ्यात तो परत हजर.

आता बोअरचा हिशेब मांडू. पाण्याची क्षारता १.५ असेल तर लिटरमागे साधारण ९६० मिलिग्रॅम क्षार. एकराला ६ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे २ लाख ४३ हजार लिटर पाणी. त्यातून एका पाळीत २३० किलोच्या वर क्षार रानात आले. दहा पाळ्या मोकाट दिल्या की सव्वादोन टन. पाणी उन्हाने आणि पिकाने उडून जातं, मीठ तिथेच. आपण एकरी दोन पोती खताचा हिशेब वहीत लिहितो आणि या टनांचा लिहीत नाही.

खोल बोअरच्या पाण्यात दुसरी खोड असते बायकार्बोनेटची. पाण्याच्या अहवालात 'अवशिष्ट सोडियम कार्बोनेट' अशी ओळ असते. ती १.२५ च्या आत असेल तर चिंता नाही, १.२५ ते २.५ मध्ये जपून, त्यावर गेली तर ते पाणी मातीतला कॅल्शियम चुनखडी करून बसवतं आणि सोडियमला रान मोकळं करून देतं. माझ्या बोअरची ओळ तीनच्या वर निघाली. वरचा तुकडा चोपण का होता ते तिथेच कळलं.

खालच्या तुकड्याची गोष्ट निराळी होती. तिथे दोन मीटरचा दोन इंची पीव्हीसी पाइप घेतला, हॅक्सॉने खालच्या अंगाला फटी पाडल्या, पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि ऑगरने भोक पाडून उभा पुरला. दोरीला नट बांधून आत सोडायचा. पाण्याला लागला की टपकन आवाज येतो, तिथे दोरीवर चिमूट धरून मोजायचं. दर पंधरा दिवसांनी एक आकडा. ऑक्टोबरात पाणी ६० सेंटिमीटरवर होतं, जानेवारीत ९० वर. आणि कालव्याचं आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं की आम्ही पाणी घेतलेलं नसतानाही चार दिवसांत वीतभर वर यायचं. चारीचं अस्तर फुटलेलं होतं, पाणी आतल्या आत माझ्या कोपऱ्यात येत होतं. भारी मातीत पाणी दीड मीटरच्या आत असलं की केशाकर्षणाने ते वर चढत राहतं, कंदिलाच्या वातीसारखं. वर ऊन पाणी उडवतं आणि मीठ ठेवून घेतं. अशा ठिकाणी मी दोन वर्षं जिप्सम टाकत होतो.

पाऊस तेवढाच, पण कामाचा नाही

"आमच्या आजोबांच्या काळी कुठं होता खार?" हे मला नेहमी विचारलं जातं. आजोबांच्या काळी कालवा नव्हता, हे पहिलं उत्तर. जायकवाडी १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. त्याआधी इथलं रान कोरडवाहू होतं आणि पाणी खोल होतं. आठमाही पिकांच्या हिशेबाने आखलेल्या चाऱ्यांवर ऊस उभा राहिला, मोकाट पाणी मुरलं, सखल जागा पाणी साचून चिबडल्या.

दुसरं उत्तर हवेचं. मराठवाड्यात जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो संथ मुरला आणि खाली निचरला तर वरच्या दोन फुटांतले क्षार धुवायला पुरेसा आहे. ढोबळ हिशेब असा की ३० सेंटिमीटर पाणी मातीतून खाली गेलं की वरच्या ३० सेंटिमीटरमधले सुमारे ८० टक्के क्षार सोबत जातात. पण आता पाऊस येतो तो तुटक. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. भर पावसाळ्यात आमच्या कपाशीच्या सऱ्यांवर पांढरी रेघ आली होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एवढा पडला की मराठवाड्यात कित्येकांच्या जमिनी खरडून गेल्या. खंडात खार वर चढतो. ढगफुटीसारख्या पावसात पाणी वरून वाहून जातं किंवा सखल भागात साचून भूजल वर आणतं. धुण्याचं काम दोन्हींत होत नाही.

दुष्काळाचा मार त्याहून लांबचा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षांत ज्यांच्याकडे थोडंफार पाणी होतं त्यांनी बोअर आणखी खोल नेले. कालव्याचं गोडं पाणी बंद, पाऊस नाही, रानाला फक्त खोलातलं जड पाणी. फळबाग जगली, पण माती त्याचे पैसे अजून फेडतेय.

आणि तापमान वाढलं की काळ्या मातीत खालच्या थरात एक गोष्ट आपोआप घडते. कोरड्या, उष्ण हवेत कॅल्शियम चुनखडीचे खडे बनून बसतो आणि कणांवर सोडियमचं प्रमाण वाढतं. कुणी खत चुकवलेलं नसतं, कुणी पाणी जास्त दिलेलं नसतं. खड्डा खणल्यावर दोन-तीन फुटांवर पांढरे खडे लागतात ते हेच. कमी पावसाच्या पट्ट्यात ते जास्त दिसतात. हवा आणखी कोरडी होत गेली तर हा प्रकार वरच्या थराकडे सरकणार, असं मला वाटतं.

मग करायचं काय

खारवट आणि भूजल वर असेल तर जिप्समचा एक रुपयाही घालू नका. आधी येणारं पाणी अडवा, मग आतलं बाहेर काढा. आम्ही फुटक्या चारीचा चाळीस फुटांचा पट्टा पाइप टाकून बंद केला आणि चारी व रान यांच्यामध्ये मीटरभराहून खोल आडवा चर काढला. चर काढणं सोपं, त्याला तोंड मिळणं अवघड. आमच्या नाल्याचा तळ गाळाने चराच्या तळापेक्षा वर आलेला होता. खालच्या तिघांना सोबत घेऊन जेसीबीने दोनशे मीटर गाळ काढला तेव्हा कुठे चर वाहायला लागला. एकट्याच्या रानात निचरा होत नसतो.

इथेच एक नावडतं मत मांडतो. नाला खोलीकरण आणि बंधारा हे कोरडवाहू गावाला वरदान आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण कालव्याखालच्या सखल शिवारात बंधाऱ्याचं तुंबलेलं पाणी आजूबाजूच्या रानाचं भूजल वर आणतं. ठराव करण्याआधी ऑक्टोबरात विहिरींची पातळी बघावी. धरणातल्या गाळाचंही तसंच. मुरमाड रानाला तो सोन्यासारखा, आमच्या भारी रानावर टाकला तर निचऱ्याला आणखी एक झाकण.

वाट मोकळी झाल्यावर मे महिन्यात रान सपाट केलं, बांध नीट केले, पावसाचं पाणी वाफ्यांत उभं धरलं. त्या वर्षी तिथे काही पेरलं नाही, नुसता ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घेतला आणि ४५ दिवसांनी गाडला.

चोपण तुकड्यात जिप्सम लागतंच, पण अहवालातल्या जिप्समच्या गरजेच्या आकड्यावरून. शेजाऱ्याने किती टाकलं त्यावरून नाही. मेच्या अखेरीस बारीक जिप्सम पसरून वखराने वरच्या १० सेंटिमीटरमध्येच मिसळा, खोल नांगरून गाडू नका, आणि पुढचं काम पावसावर सोडा. उन्हाळ्यात टाकून तसंच ठेवलं तर ते विरघळणार कशात?

रानात चुनखडी भरपूर असेल (लिंबू पिळल्यावर माती फसफसते) तर गंधकही चालतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि तिथलाच कॅल्शियम मोकळा होतो. एक किलो गंधक सुमारे ५.४ किलो शुद्ध जिप्समचं काम करतं, मात्र ओल आणि काही आठवडे हवेत. साखर कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) आमच्या भागात स्वस्त मिळते, तीही चांगली. कच्चं स्पेंटवॉश (मद्यार्क कारखान्याचं सांडपाणी) मात्र कुणी फुकट टँकरने आणून ओतलं तरी नको म्हणा.

बोअरचं पाणी सुधारल्याशिवाय हे सगळं दर दोन वर्षांनी परत करावं लागेल. अवशिष्ट सोडियम कार्बोनेटच्या प्रत्येक एककामागे हजार लिटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं, म्हणजे एकराच्या वर सांगितलेल्या एका पाळीला २१ किलोच्या आसपास. मी हौदात जिप्समच्या खड्यांचा थर घालून पाणी त्यावरून नेतो. शिवाय कालव्याचं पाणी मिळेल तेव्हा ते आधी या तुकड्याला, बोअरचं खालच्या रानाला. पूर्वी उलटं करत होतो, केवळ पाइपलाइन जवळ म्हणून.

ठिबकवाल्यांसाठी एक गोष्ट, जी ऐकायला विचित्र वाटते. ठिबकखाली क्षार ओलाव्याच्या कडेला गोळा होतात. खंडानंतर पहिला हलका पाऊस आला की ते विरघळून थेट मुळांपाशी येतात आणि मोसंबीची पानं दोन दिवसांत कडेने करपतात. लोक म्हणतात, "पावसानं बाग जाळली." हलका पाऊस पडत असताना ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. जोराचा, मुरणारा पाऊस झाला की मग बंद.

तोवर पीक काय घ्यायचं? हरभरा, मूग, कांदा, ऊस यांना खार सोसत नाही. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काची क्षारता १.७ च्या पुढे गेली की घसरायला लागतं. गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. पण हे आकडे वाढलेल्या पिकाचे, उगवणीला कपाशीही नाजूकच. बी वरंब्याच्या माथ्यावर टोबू नका, मीठ तिथेच चढतं. सरीच्या बगलेला, मध्यावर लावा. उसाचं पाचट जाळण्याऐवजी तेच या तुकड्यावर अंथरा, उन्हाने उडणारं पाणी कमी झालं की चढणारा खारही कमी. चोपण रानात युरियाचा बराच नत्र हवेत उडतो, तो पृष्ठभागावर न फेकता मातीआड द्या. झिंक सल्फेट विसरू नका.

खालच्या तुकड्यात आता तिसरं वर्ष आहे. ऑक्टोबरातलं पाणी ६० वरून ११० सेंटिमीटरवर गेलंय, यंदा तिथे गहू घेतला. नाल्याच्या तोंडाशी असलेले चार गुंठे अजूनही पांढरे पडतात. तिथे पाणी दीड मीटरच्या खाली जात नाही, कारण नाला त्याहून खोल नाही. त्या चार गुंठ्यांत मी करंज लावले आणि जिप्सम टाकणं सोडून दिलं. पाइप मात्र तिथेही पुरलाय, दोरी आणि नट बांधावरच्या बाभळीला टांगलेला असतो.